कळविणे आणि कळणे

माझ्या नोकरीतील पहिले स्वतंत्र काम म्हणजे एका जिल्हा रस्त्याखालून नाला नेणारी तीन गाळ्यांची मोरी. मूळ पाहणीत नाल्याचा तळ जेथे धरला होता त्याहून तो प्रत्यक्षात नऊ इंच खाली आहे, असे पाया खणण्याच्या सुमारास लक्षात आले आणि मोरीची तळपातळी तेवढी उतरवून कचेरीत सुधारित नकाशा तयार करण्यात आला. मी त्याला चार ओळींचे पत्र जोडले, जावक वहीत त्याची नोंद करविली, क्रमांक व तारीख घातली, पाकीट शिपायाच्या स्वाधीन केले आणि आपले कर्तव्य यथासांग पार पडले अशा निश्चिंत मनाने दुसऱ्या कामाला लागलो. तीन आठवड्यांनी जागेवर गेलो तेव्हा पायाचे काँक्रीट पडून, पाणी पिऊन, पक्के झाले होते. आणि ते जुन्या पातळीवर होते. पत्र्याच्या खोपटात भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेला जुना निळा नकाशा जसाच्या तसा होता, आणि माझे पाकीट, न फोडलेले, सिमेंटच्या पावत्यांबरोबर खुंटीवरच्या तारेत ओवलेले होते.

चौकशीच्या वेळी मी जावक वही पुढे केली. कार्यकारी अभियंत्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. ते एवढेच म्हणाले, "जावक क्रमांक मला सांगू नका. मुकादमाला केव्हा कळलं, ते सांगा."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्यानंतरच्या सर्व वर्षांत, लहानमोठ्या कामांवर हजारो कागद लिहिताना आणि वाचताना, तो प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. कळणे आणि कळविणे ही क्रियापदे एकाच धातूची. दुसरे हे पहिल्याचे प्रयोजक रूप. खाणे आणि खाऊ घालणे यांत जो संबंध, तोच या दोहोंत. ज्याच्या पोटात घास गेला नाही त्याला आपण खाऊ घातले असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याला काही कळले नाही त्याला आपण कळविले, असे मात्र कचेऱ्यांतून रोज बिनदिक्कत म्हटले जाते, कारण कळविणे या शब्दाचा अर्थ तेथे आकुंचन पावत पावत 'कागद रवाना करणे' एवढाच उरला आहे. आपल्या भाषेने यावर एक सूचक शब्द राखून ठेवला आहे: पोच. पत्र पावल्याची खूण ती पोच, आणि माणसाच्या ठायी असलेली समज तीही पोच. पहिली पोच शिपाई आणून देतो. दुसरी आली की नाही हे पाहण्याची जबाबदारी लिहिणाराची आहे, असे माझे ठाम मत आहे.

कोणत्याही मोठ्या बांधकामात आखणारा एका गावी, हिशेब करणारा दुसऱ्या गावी, माल घडविणारा तिसऱ्या ठिकाणी आणि प्रत्यक्ष उभारणी करणारा भलतीकडेच, अशी स्थिती असते. या सर्वांना एका कामाचे अवयव म्हणून जोडून ठेवणारे स्नायू म्हणजे नकाशे, हुकूम, अहवाल, तारा आणि पत्रे. हे स्नायू तुटले नसतानाही निकामी कसे होतात, याचे १९०७ साली कॅनडात घडलेले उदाहरण मी जितक्या वेळा वाचले आहे तितक्या वेळा अस्वस्थ झालो आहे, म्हणून ते येथे सविस्तर सांगतो.

क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेचा पूल बांधावयाचा होता. दोन्ही खांबांवरून पोलादी बाहू पुढे सरकवीत न्यावयाचे आणि मध्यभागी ते सांधावयाचे, या प्रकारचा तो पूल होता, आणि त्याचा मधला गाळा १,८०० फुटांचा, म्हणजे स्कॉटलंडमधील फोर्थच्या पुलाच्या १,७१० फुटांच्या गाळ्याहून लांब आणि त्या काळी जगात सर्वांत मोठा ठरणार होता. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर हे अमेरिकेतील पूलशास्त्राचे नामांकित आचार्य. ते न्यूयॉर्कला राहत, त्यांची प्रकृती ढासळलेली होती, आणि पोलादी सांगाडा चढू लागल्यापासून त्यांनी एकदाही जागेवर पाऊल ठेवले नव्हते. पोलाद घडविण्याचा व उभारणीचा मक्ता पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल येथील फिनिक्स ब्रिज कंपनीकडे होता. जॉन डीन्स हे तिचे मुख्य अभियंता आणि पीटर श्लाप्का हे आकडेमोड करणारे. पूल ज्या कंपनीच्या मालकीचा होता तिचे मुख्य अभियंता एडवर्ड होअर जागेजवळ असत, परंतु एवढ्या अवाढव्य पुलाचा अनुभव त्यांना नव्हता. आणि कूपर यांचे डोळे म्हणून जागेवर नेमलेला होता नॉर्मन मॅक्ल्युअर, एक तरुण निरीक्षक, ज्याने पाहावे, मोजावे आणि न्यूयॉर्कला लिहावे. हुकूम देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

या रचनेत न्यूयॉर्क, फिनिक्सव्हिल आणि क्वेबेक या तीन ठिकाणांमध्ये कागदच काय तो दुवा होता. आणि पहिला दोष कागदावरच शिरला. मधला गाळा प्रथम १,६०० फुटांचा योजिला होता. खांब उथळ पाण्यात यावेत म्हणून कूपर यांनी तो १९०० साली १,८०० फुटांचा केला. गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजन वाढते, आणि ते वाढले की प्रत्येक तुळईवरचा ताण वाढतो, हे सांगावयास आचार्य नको. परंतु वजनाचा जुना अंदाज नव्या आकडेमोडीत तसाच वापरला गेला. नकाशे नवे निघाले, त्यांच्या पोटात आकडा जुना राहिला. घडविलेले पोलाद प्रत्यक्षात अंदाजाहून बरेच जड भरते आहे हे १९०६ च्या आरंभी उघडकीस आले तोवर पुष्कळसा भाग घडवून झाला होता, थोडा चढविलाही होता. वाढलेला ताण सात ते दहा टक्के असावा असे ठरवून कूपर यांनी तो सह्य मानला.

अशा पुलाच्या खालच्या अंगाच्या तुळया सतत दाबाखाली असतात. वेताची छडी उभी धरून तिच्या टोकावर तळहाताने भार दिला तर ती मोडण्यापूर्वी बाजूला वाकते, आणि एकदा वाकू लागली की तिची भार सोसण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. दाबाखालच्या पोलादाची तीच गत. क्वेबेकच्या या तुळया जाड पत्र्यांच्या चार चार उभ्या फळ्या जाळीसारख्या तिरप्या पट्ट्यांनी एकत्र जखडून केलेल्या होत्या, आणि त्या पट्ट्या त्यांच्या कामाच्या मानाने फारच किरकोळ होत्या. १९०७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांतील दोन तुळया किंचित वाकल्याचे मॅक्ल्युअरला दिसले. त्याने ते कूपर यांना लिहिले. कूपर यांनी उलट टपाली विचारले की बाक आला कसा. फिनिक्सव्हिलहून खुलासा आला की हा बाक कारखान्यातूनच आलेला असणार. कूपर यांना तो पटला नाही. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा उत्तरे आली. असा जवळजवळ तीन आठवडे पत्रव्यवहार चालला, आणि त्या तीन आठवड्यांत पुलावर पोलाद चढतच राहिले. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर दिले गेले होते, प्रत्येक पत्राची रीतसर पोच होती; परंतु 'या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत काम बंद' हे सहा शब्द कोणीही लिहिले नाहीत, कारण ते लिहिण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेच कोठे लिहिलेले नव्हते.

२७ ऑगस्ट रोजी मॅक्ल्युअरने दक्षिणेकडील बाहूच्या एका तुळईचा बाक पुन्हा मोजला. आठवडाभरापूर्वी तो पाऊण इंच होता. आता सव्वादोन इंच भरला. हा आकडा मला सर्व कथेतील सर्वांत बोलका वाटतो. जो बाक कारखान्यातून आला असेल तो आठवड्यात तिपटीने वाढणार नाही. पोलाद स्वतः सांगत होते. उभारणीचा प्रमुख येन्सर याने काम थांबविण्याचे ठरविले, आणि मॅक्ल्युअरने त्याच दिवशी कूपर यांना पत्र लिहून टाकले की तुमच्याकडून व फिनिक्सव्हिलहून कळेपर्यंत उभारणी पुढे जाणार नाही. पत्र टपालात पडले. दुसऱ्या दिवशी येन्सरचा विचार फिरला, काम पुन्हा सुरू झाले. होअर यांनी त्याला संमती दिली, आणि कारण असे दिले की काम थांबविले तर सर्वांच्या मनावर त्याचा वाईट परिणाम होईल आणि मजूर निघून गेले तर हंगाम फुकट जाईल. अशा रीतीने लिहिताना जे पत्र अक्षरशः खरे होते ते वाचले जाण्यापूर्वीच खोटे झाले. लेखी निवेदनाचा हा धोका बोलण्यात नसतो: कागदाला आपल्या मागे काय बदलले हे समजत नाही, तो आपला जुना मजकूर त्याच गंभीर चेहऱ्याने सांगत राहतो.

होअर यांनी मॅक्ल्युअरला समक्ष सल्ल्यासाठी न्यूयॉर्कला पाठविले. २९ ऑगस्टला दुपारच्या आधी तो कूपर यांच्या कचेरीत पोहोचला, आणि बाराच्या सुमारास कूपर यांनी तार केली. तिचा आशय असा होता की वस्तुस्थितीचा योग्य विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार चढवू नये. मॅक्ल्युअर पाच वाजता पोहोचतील. ही तार त्यांनी क्वेबेकला केली नाही. ती केली फिनिक्सव्हिलला. क्वेबेकला मॅक्ल्युअर तार करणार होता. गाडी पकडण्याच्या घाईत ती राहून गेली.

या तारेचा मजकूर मी अनेकदा डोळ्यांपुढे धरून पाहिला आहे. तिच्यात एकही शब्द चुकीचा नाही, तिच्या मागचे ज्ञान अव्वल दर्जाचे आहे, आणि तरीही ती हुकूम म्हणून लंगडी आहे. भार चढवू नये असे ती म्हणते, माणसे खाली उतरवा असे म्हणत नाही. विचार होईपर्यंत, असे ती म्हणते, आणि त्यामुळे वाचणाराला वाटते की आपल्याकडून अपेक्षा विचाराची आहे. आणि तिचे दुसरे वाक्य पहिल्याची धार बोथट करते: निरीक्षक पाच वाजता येणार आहेत असे ज्याला सांगितले, तो स्वाभाविकच पाच वाजेपर्यंत त्यांची वाट पाहतो. डीन्स यांनी ती तार दुपारी तीनच्या सुमारास पाहिली आणि तेच केले. पाच वाजल्यानंतर मॅक्ल्युअर आला, डीन्स आणि श्लाप्का त्याच्यासह बसले, बोलणे झाले, आणि असे ठरले की जागेवरच्या अभियंत्याचे पत्र उद्या सकाळच्या टपालाने यावयाचे आहे, ते पाहून काय ते करावे.

ती बैठक उठते न उठते तोच, साडेपाच वाजून गेल्यावर, दिवसाचे काम संपण्याच्या वेळी, क्वेबेकच्या पुलाचा दक्षिणेकडील सारा सांगाडा, सुमारे १९,००० टन पोलाद, पंधरा सेकंदांत नदीत कोसळला. त्यावर ८६ माणसे होती, ७५ मेली. त्यांतली ३३ मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके वसाहतीतील मोहॉक लोकांपैकी, उंच पोलादावर निर्भयपणे काम करण्यात नाणावलेली. येन्सर गेला, आणि ज्याच्या पत्राची फिनिक्सव्हिलला वाट पाहिली जात होती तो जागेवरचा अभियंता बर्क्स, तोही गेला.

सरकारने नेमलेल्या तीन अभियंत्यांच्या आयोगाने १९०८ साली आपला अहवाल दिला. खालच्या तुळयांची सदोष रचना हे पतनाचे कारण, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. परंतु जबाबदार माणसांनी अधिक चांगली विवेकबुद्धी वापरली असती तर २९ तारखेची प्राणहानी टळू शकली असती, हेही त्याने नोंदविले. या दोन वाक्यांतले अंतर माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पूल वाचण्याची वेळ बहुधा निघून गेली होती. माणसे वाचण्याची वेळ दुपारी बारा वाजता हातात होती, आणि ती पाच तासांहून जास्त होती. त्या तासांत पोलादाने काय करावे हे कोणाच्याच हाती नव्हते, पण कागदाने कोणाकडे जावे हे नक्कीच होते.

आपल्याकडील जुन्या दफ्तरांत शिरले म्हणजे या प्रश्नाची जाण किती पक्की होती हे दिसून येते. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण तालुक्यात मुक्काम करून असलेल्या पागेच्या लोकांना पाठविलेले आज्ञापत्र रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी योग्यच आहे. मी मात्र ते कामाचा कागद म्हणून वाचतो आणि त्यातील कारागिरी पाहून थक्क होतो. पावसाळा तोंडावर आलेला आहे, घोड्यांसाठी दाणावैरणीचा साठा कष्टाने केलेला आहे, तो पुरवून वापरावा एवढाच मुद्दा. एखाद्या सुभ्याच्या अधिकाऱ्याला एक ओळ लिहून हे भागले असते. परंतु पत्राचा मायना जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे, म्हणजे दाण्याच्या कोठाराची किल्ली आणि घोड्याचा लगाम ज्यांच्या प्रत्यक्ष हाती आहे त्यांना. आणि हुकमाबरोबर कारणांची साखळीही दिली आहे: आता उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, मग उपास पडतील, घोडी मरू लागतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे नेईल, कोणी भाकर, कोणी गवत, आणि मग जी काही थोडी रयत टिकून आहे ती उठून जाईल.

पुढे आगीचा विषय येतो तेथे तर लेखक कोठाराच्या दारात उभा राहून बोलतो आहे असे वाटते. कोणी बेसावधपणे चूल पेटवील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर त्याची वात ओढून नेईल. तेवढ्याने गवताची गंजी जळेल, आणि मग किती गर्दना मारल्या तरी एक काडी परत मिळणार नाही. राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीचा विचार करून तो कागदावर उतरवितो, कारण 'आगीविषयी योग्य ती दक्षता घ्यावी' एवढे वाचून हवालदाराच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, उंदीर आणि वात वाचली की उभे राहते. सूचना जितकी सर्वसामान्य, तितकी ती वाचणाराच्या बोटांतून निसटते, हे ज्याला उमगले तोच असे लिहू शकतो.

पुरवठा थांबला की त्याच दफ्तराचा सूर कसा पालटतो, हे जंजिऱ्यासमोर मुरूडजवळ पद्मदुर्ग उभा राहत असतानाच्या पत्रावरून कळते. आरमाराच्या सरदारांना द्यावयाची रसद व रक्कम प्रभावळीच्या सुभेदाराने पोहोचविली नाही, तेव्हा १६७५ च्या जानेवारीत त्याला गेलेले पत्र नाव घेऊन, काम घेऊन, खोळंबा कशाचा झाला ते सांगून, तुम्ही हबशाचे चाकर झालात की काय असे विचारून, जात पाहून कोणाची गय होणार नाही असे बजावते. त्यात संदिग्ध राहील असे काही नाही. आणि या सर्व व्यवहाराला मागे यंत्रणाही होती: मजकूर तपासण्याचे काम सुरनिसाचे, पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' या अक्षरांची लहानशी मुद्रा, म्हणजे येथे मजकुराची मर्यादा झाली, याखाली कोणी एक ओळ जरी लिहिली तरी ती सरकारची नव्हे. सुधारित नकाशावर सही, तारीख आणि क्रमांक असावा याविषयी आज जो आग्रह धरला जातो त्याचे मूळ या मोर्तबात पाहावयास मला आवडते.

कागद योग्य हाती, योग्य वेळी पडूनही अर्थ हरवू शकतो. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान उडाले, ज्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून आकाशात असताना अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून निष्कर्ष वरिष्ठांपुढे ठेवले, ते पडद्यावर दाखवावयाच्या मुद्देवार पानांच्या रूपात. त्यांतील एका पानाचे शीर्षक वाचणाराला दिलासा देणारे होते. आणि मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे अशा उतरंडीच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत, ही गोष्ट होती की ज्या चाचण्यांच्या आधारे हा दिलासा दिला जात आहे त्या चाचण्यांतील तुकड्याहून प्रत्यक्षातील तुकडा आकारमानाने ६४० पट मोठा होता. खरे म्हणजे तेच पानाचे शीर्षक असावयास हवे होते. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले, सातही अंतराळवीर गेले, आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या एका पानाच्या मांडणीची स्वतंत्र दखल घेतली. कोणी काही लपविले नव्हते. लिहिले सर्वच होते. पण जे प्रथम सांगावयाचे ते शेवटी लिहिले होते.

मराठी कचेरीची स्वतःची अशी एक खोड येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. 'कार्यवाही करण्यात यावी', 'दुरुस्ती करून घेण्यात यावी', 'पूर्तता व्हावी': आपल्या कर्मणि आणि भावे प्रयोगांची ही सोय इतकी मुलायम आहे की वाक्य पूर्ण होते, भारदस्त वाटते, आणि कर्ता कोठेच नसतो. असे पत्र सात जणांना 'माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' असे पृष्ठांकन करून गेले, की सातांपैकी प्रत्येक जण माहिती आपली आणि कार्यवाही दुसऱ्याची समजतो, व त्यात त्याचे फारसे चुकते असेही नाही. बैठकीच्या इतिवृत्तात 'असे ठरले' एवढ्यावर थांबणारे वाक्य मी पुढे पुढे सही न करता परत पाठवू लागलो; अमुक यांनी अमुक तारखेपर्यंत अमुक करावे, आणि केल्याचे अमुक यांस सांगावे, एवढे त्यात आल्याशिवाय ते ठरले असे मी मानीत नसे. काही सहकाऱ्यांना हा काटेकोरपणा जाचक वाटला. मला त्याचा खेद नाही.

कामावरच्या हुकूमवहीचे महत्त्व यामुळेच. कार्बन घालून तीन प्रती निघणारी, कोपरे दुमडलेली, सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेली ही वही कोणत्याही अहवालापेक्षा मोलाची, कारण तिच्यातला हुकूम जेथे काम चालू आहे तेथेच, करणाऱ्यासमोर लिहिला जातो, आणि त्याच पानावर, त्याच्याच हाताने, पाहिले व समजले अशी सही होते. आता भ्रमणध्वनीवर गट असतात, नकाशाचे छायाचित्र क्षणात तीस जणांना जाते, पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात. वेग वाढला याचा मला मनापासून आनंद आहे. कूपर यांना तो लाभता तर कदाचित ७५ घरे वाचली असती. तरीही निळी खूण ही पाहिल्याची पोच आहे, कळल्याची नव्हे, आणि तीस जणांत आपले नाव कोणाला हुकूम म्हणून लागू पडते हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

त्या मोरीचे काँक्रीट पहारी आणि घण लावून फोडावे लागले. ते फोडणाऱ्यांत ज्यांनी ते घातले होते तीच माणसे होती, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. सुधारित नकाशा या खेपेस मी स्वतः घेऊन गेलो. मुकादमाला अक्षरओळख नव्हती, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. जुना नकाशा त्याला कोणीतरी समजावून दिला होता आणि तो त्याने जन्मभराच्या सवयीने डोक्यात बसविला होता. मी नकाशा जमिनीवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवले, पत्र मोठ्याने वाचले आणि त्याला म्हटले, आता तुम्ही मला सांगा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खुंटीकडे बोट करून म्हणाला, "म्हंजी सायेब, जुन्या खुणेच्या नऊ इंच खाली दोरी धरायची, हेच ना?" मी हो म्हटले. त्याने पुन्हा नाल्याकडे पाहिले. "आन् वरल्या तोंडालाबी तेवढंच? मंग पानी वाहील कसं?"

माझ्या चार ओळींच्या पत्रात एकच पातळी होती, खालच्या तोंडाची. वरच्या तोंडाची पातळी उतारासाठी तीन इंच जास्त धरली होती, ती नकाशाच्या छेदात एका कोपऱ्यात होती, आणि पत्र त्याविषयी काही बोलत नव्हते. मी ती त्याला दाखविली, दोन्ही तोंडांना दोन वेगळ्या खुंट्या ठोकल्या, दोन्ही आकडे हुकूमवहीत लिहिले, वाचून दाखविले, आणि त्याने त्याखाली अंगठा उठविला. मग तो स्वतःच उठून खोपटात गेला, भिंतीवरचा जुना नकाशा खिळे उपसून काढला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या हाती दिला. मी त्यावर तांबड्या शाईने 'रद्द' असे लिहून तारीख घातली.